हिरव्या पुडीची अळंबी

वालावलच्या तरीवर होडी चालवणाऱ्या बाबली परबाची बायको शेवंती अळंबीला हात लावत नसे. श्रावणात गावातल्या बायका उजाडता उजाडता रानात जायच्या, वारुळांभोवती उगवलेली अळंबी केळीच्या पानात बांधून आणायच्या, आणि त्या दिवशी घराघरातून भाजल्या खोबऱ्याच्या वाटपाचा वास सुटायचा. परबांच्या घरातून तो कधी सुटला नाही. लग्न झालं त्या वर्षी बाबलीनं हौसेनं पानभर अळंबी आणून ओटीवर ठेवली, तर नवी नवरी दारात आडवी उभी राहिली. "ह्यां घरात नको," एवढंच म्हणाली. बाबली पान उचलून शेजारी देऊन आला. नेरूरला, तिच्या माहेरी, लहानपणी काहीतरी घडलं होतं एवढंच तेव्हा त्याच्या कानावर होतं. तो स्वभावानं न विचारणारा माणूस. दिवसभर होडीत माणसं बोलत असतात, होडीवाल्यानं ऐकावं आणि वल्हं मारावं, अशी त्याची रीत. ती त्यानं घरातही पाळली.

पण हात न लावणारी ही बाई अळंबी बघायची मात्र सोडत नसे. गुरं घेऊन सड्यावर, गावावरच्या कातळी पठारावर, गेली की गुरं एकीकडे आणि ती दुसरीकडे. कुठं फणसाच्या कुजक्या खोडावर पिवळ्या टोप्या आल्यात, कुठं शेणावर काळ्या छत्र्या आल्यात, देवळामागच्या राईत पाचोळ्याखाली जांभळं काय उगवलंय, ती वाकून बघायची, काठीनं पाचोळा सारायची आणि पुढं जायची. एकदा तर एका अळंबीपाशी ती इतका वेळ बसली की गाय सामंतांच्या भातात शिरली. बायका म्हणायच्या, परबाच्या शेवंतीक रानातला काय तरी लागला आसा.

सत्तावन्न सालच्या श्रावणात बाबली संध्याकाळी घरी आला तो हसत. भाताचं ताट पुढं ओढत म्हणाला, "मुंबयसून एक बाई इली आसा. धामापूरच्या बाजूक होडीत बसली. झाडांची पानां जमवता. पण बरी पानां घेणा नाय, रोगट तेवढी वेचून घेता."

"कित्याक?"

"तां तिकाच ठावक. दाजी मास्तरांकडे उतरली आसा."

ती बाई म्हणजे लीला धारप. मुंबईच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि पानांवर जी बुरशी येते, तांबेरा म्हणा, काळे डाग म्हणा, त्यावर तिचं संशोधन चाललेलं. वय एकोणतीस, अंगानं बारीक, डोळ्यांवर जाड चष्मा. पावसात आगबोटी बंद, म्हणून कोल्हापूरवरून एस.टी.नं घाट उतरून ती मालवणला आली होती. तिथून गावं फिरत फिरत वालावलला. दाजी मास्तर गावच्या शाळेचे हेडमास्तर. त्यांच्या माडीवर तिनं मुक्काम ठोकला, जेवण त्यांच्या बायकोच्या, सीताबाईच्या, हातचं, आणि दुसऱ्याच दिवशी विचारलं, रानातली झाडं ओळखणारं, सोबत फिरणारं कोणी मिळेल का? मास्तर म्हणाले, "आहे एक. पण ती बाई आहे, आणि कमी बोलते."

"मग बरंच झालं," लीलाबाई म्हणाली.

शेवंती आधी तयार नव्हती. लावणी झाली होती, भातातलं तण काढायची बेणणी बाकी होती. पण मास्तरांचा शब्द, आणि मुंबईच्या बाईचं कुतूहलही होतंच. डोक्यावर इरलं, हातात काठी, कमरेला कोयती, अशी ती बाईच्या पुढं चालू लागली. पहिल्या दिवशी तिनं आवळ्याच्या, पांगाऱ्याच्या, सुपारीच्या रोगट पानांची ठिकाणं दाखवली. लीलाबाई भिंगातून बघायची, वहीत लिहायची, पान वर्तमानपत्रात दाबायची. तिसऱ्या दिवशी पाऊस इतका कोसळला की पानांवर काही टिकेना. तेव्हा लीलाबाई जमिनीकडे बघू लागली, आणि जमीन अळंब्यांनी भरलेली होती.

"ही पण बुरशीच, शेवंतीबाई," ती म्हणाली. "पानावरची बारीक, ही मोठी. घराणं एकच. मला यातलं फारसं कळत नाही, पण इथे एवढी आहेत की सोडवत नाही."

शेवंती काठीनं दाखवायची, लीलाबाई उपटायची. बाईच्या लक्षात आलं की ही हात लावत नाही. तिनं विचारलं नाही. संध्याकाळी मास्तरांच्या माडीवर ती एक काम करायची, ते मात्र शेवंतीला पाहायला आवडायचं. अळंबीची टोपी देठापासून कापून अर्ध्या पांढऱ्या आणि अर्ध्या काळ्या कागदावर पालथी ठेवायची, वर वाटी झाकायची. सकाळी वाटी उचलली की कागदावर पूड पडलेली असे. टोपीखालचे पातळ पडदे जसेच्या तसे, रांगोळी काढल्यासारखे. पूड कधी पांढरी, कधी गुलाबी, कधी गंजासारखी, कधी काजळासारखी.

"हे तिचं बी," लीलाबाईनं सांगितलं. "वरून दोन अळंब्या सारख्या दिसल्या तरी पूड वेगळी पडली तर त्या वेगळ्या. वरचा रंग फसवतो. ही सहसा फसवत नाही."

शेवंतीनं ते दोनदा विचारून घेतलं. फसवत नाय? नाही, सहसा नाही. मग ती रोज सकाळी गुरं सोडायच्या आधी मास्तरांच्या माडीवर येऊ लागली, वाट्या उचलून बघायला.

आठवडा गेला. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी दोघी गावच्या तळ्याच्या वरच्या अंगाला, गुरं चरतात त्या माळावर गेल्या. रात्रीच्या पावसानं गवत चकचकीत झालं होतं आणि त्यात गोल रिंगण धरून पंधरा-वीस मोठ्या अळंब्या उभ्या होत्या. काही मुठीएवढ्या मिटलेल्या, काही भाकरीएवढ्या उलगडलेल्या. पांढऱ्या टोप्या, माथ्यावर तपकिरी खवले. लीलाबाईला आनंद झाला. पिशवीतलं विलायती पुस्तक काढून तिनं पानं उलटली, चित्र काढलं, अळंबी चित्राशेजारी धरली.

"बघा, तंतोतंत. टोपी तशी, खवले तसे, खालचे पडदे पांढरे. तिकडे लोक लोण्यात परतून खातात. आज सीताबाईंना सांगते, सगळ्यांना करू. आठ दिवस त्यांच्याकडे जेवते आहे, माझ्याकडून एवढं तरी." ती पाटीत भराभर अळंब्या घालू लागली. मग एक हातात घेऊन शेवंतीसमोर धरली. "आणि ही खूण. देठाच्या गळ्यात कडं आहे ना, हे चिकटलेलं नाही. सरकतं. पाहा."

तिनं दोन बोटांनी ते मऊ कडं देठावरून वर सरकवलं, खाली सरकवलं.

शेवंती एकदम गवतात बसली. लीलाबाई घाबरून जवळ आली, साप वगैरे चावला का म्हणून पाय बघू लागली. शेवंती तिच्या हातातल्या अळंबीकडे बघत होती. एकोणीस वर्षं ती सगळं आठवत होती, पातेलं, पान, आईचा हात, फक्त हे कडं तिला आठवत नव्हतं. आता आठवलं. ते कडं तिनं देठावरून सोडवून धाकट्या बहिणीच्या, सुभीच्या, अंगठ्यात घातलं होतं. सुभी अंगठा वर धरून अंगणभर नाचली होती, अंगठी मिळाली म्हणून.

"बाईनू," ती म्हणाली, "ह्यां शिजवूचा नाय."

"का?"

"आजचो दिवस थांबा."

"शेवंतीबाई, पुस्तकात स्पष्ट आहे."

"आसात. पुस्तक ज्येणा लिवला, तेच्या गावात आसात." मग ती उठली, आणि जे तिनं एवढ्या वर्षांत केलं नव्हतं ते केलं. लीलाबाईच्या हातातून अळंबी घेतली. "तुमीच सांगलात, पूड फसवणा नाय. कागदावर घाला. सकाळपर्यंत थांबा. मग खावा, मी कायव बोलूचंय नाय."

लीलाबाईला वाटलं, ही गावची भीती असणार. पण शेवंतीनं तिचेच शब्द तिच्यापुढे ठेवले होते, म्हणून ती थांबायला तयार झाली. मास्तरांच्या घरी सीताबाईनं नारळ फोडून ठेवला होता, मास्तरांची तीन मुलं पाटीभोवती जमली होती. त्यांना उद्या म्हणून सांगावं लागलं. मुलं हिरमुसली. सीताबाईनं खवलेलं खोबरं घालून दुसरीच भाजी केली. शेवंतीनं स्वतः टोपी कापून कागदावर पालथी घातली, वाटी झाकली आणि पाटीवर पाटा ठेवून गेली, कोणी हात घालू नये म्हणून.

सकाळी ती आली तेव्हा लीलाबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. मांडीवर कागद. तिनं तो पुढं केला. पांढऱ्या अर्ध्यावर पूड हिरवी होती. शेवाळासारखी, मळकट हिरवी.

"माझ्या पुस्तकातल्या अळंबीची पूड पांढरी असते," लीलाबाई हळू आवाजात म्हणाली. "हिरवी पूड असणारी एक जात असते असं विद्यार्थी असताना कुठेतरी वाचलं होतं. उष्ण देशांतली. विषारी. कोवळी असताना पडदे पांढरेच असतात, पिकली की हिरवे होतात. मला काल आठवलं नाही." मग म्हणाली, "या घरात तीन मुलं आहेत, शेवंतीबाई."

शेवंती तिच्या खालच्या पायरीवर बसली आणि तिनं सांगितलं. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

अडतीस साली ती बारा वर्षांची होती, बहीण सुभद्रा चार वर्षांची. वडील मुंबईला गिरणीत, थोरला भाऊ त्यांच्यापाशी, घरी आई आणि या दोघी. शेवंती वारुळावरची अळंबी काढायला गेली, ती ओळखायला आईनंच शिकवलेली. पण त्या दिवशी वारुळावर थोडीच मिळाली, आणि येताना गुरांच्या माळावर ही मोठी दिसली. पांढरी, गोंडस. तिनं पदर भरून आणली. आईनं पाहिलं, थोडी शंका घेतली. मग सगळे करतात तसं चांदीचा रुपया पातेल्यात टाकून शिजवलं. रुपया काळा पडला नाही. दुपारी तिघी जेवल्या. दोन घटकांत उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. आई आणि शेवंती दोन दिवस निपचित पडून उठल्या. सुभी दुसऱ्या दिवशी उजाडताना गेली. गावात कोणी म्हणालं, त्या अळंबीवर सापानं तोंड घातलं असणार. कोणी म्हणालं, देवचाराच्या, रानातल्या राखणदाराच्या, जागेवरची काढली.

"मीच काढून हाडलंय," शेवंती म्हणाली. "मीच. तेवापासून बघतंय, तां खंयचा होता. माका तेचा तोंड बघूचा होता."

लीलाबाईनं लगेच धीर दिला नाही. ती शिक्षिका होती, खात्रीशिवाय बोलायची तिला सवय नव्हती. "हीच होती असं मी शपथेवर नाही सांगू शकणार," ती म्हणाली. "पण गुरांचा माळ, हे कडं, दोन घटकांत उलट्या, मोठी माणसं उठली आणि लहान गेलं, हे सगळं हिच्याशी जुळतं. आणि रुपयाचं म्हणाल तर चांदीला हे विष कळत नाही. रुपया काळा झाला नाही म्हणून अळंबी चांगली, असं होत नाही." मग कागदाकडे बघत म्हणाली, "मी दहा वर्षं हेच शिकले. हातात पुस्तक होतं, डोळ्यांपुढे अळंबी होती, आणि मी काल ती पाच माणसांना वाढणार होते. तुम्ही तेव्हा बारा वर्षांच्या होतात."

शेवंतीनं तो कागद मागून घेतला.

त्याच दुपारी ती नेरूरला गेली. आई आनंदीबाई पडवीत केरसुणीसाठी माडाच्या चुडतांचे हीर सोलत बसली होती. पन्नाशीतच म्हातारी झालेली, कमी बोलणारी. लेक तिच्यावरच गेली होती. दोघींनी सुभीचं नाव एकोणीस वर्षांत एकमेकींसमोर काढलं नव्हतं. शेवंतीनं कागद आईपुढं धरला आणि सांगितलं, आये, ह्यां तां. कडं कसं सरकतं ते सांगितलं, पूड कशी पडते, रुपयाला काय कळत नाही तेही सांगितलं.

आनंदीबाईनं हातातली सुरी खाली ठेवली. कागदाकडे पाहिलं नाही.

"तिना परत मागल्यान," ती म्हणाली.

"काय?"

"सुभीन. गोड लागला तिका. परत मागल्यान, तेवा मी वाढलंय. पातेल्यातला सरला, तेवा माझ्या ताटातला घातलंय. माका शंका इल्ली गो. रुपयो काळो नाय झालो म्हणान वाढलंय." ती पडवीच्या खांबाला टेकली. "तू हाडलंस म्हणान कदी तुका बोल लावलंय? नाय लावलंय. पण तुका वाटत होता, तां माका दिसत होता. बोलूक माझा तोंड उघडाक नाय. बोललंय आसतंय तर वाढल्यान कोणी, तां सांगूचा लागला आसता."

शेवंतीला वाटायचं, आई आपल्याशी बोलत नाही ती रागानं. आईला वाटायचं, लेक माहेरी फारशी येत नाही ती रागानं. त्या दुपारी दोघी पडवीत बसून राहिल्या. भावजय चहा घेऊन आली तर दोघींचे डोळे सुजलेले, आणि आनंदीबाईच्या हातात तो कागद. दिवेलागणीला शेवंती निघाली तेव्हा आई वाटेपर्यंत आली. म्हणाली, "त्या मुंबयच्या बाईक येकदा घेवन ये. तिका घावणे घालतंय."

लीलाबाई घावणे खाऊन मुंबईला गेली आणि पुढच्या पावसात परत आली. मग त्यापुढच्याही. पानांवरचे डाग मागे पडले. आठ पावसाळे ती वालावलच्या अळंब्यांवर काम करत राहिली, आणि ती नसायची तेव्हा काम शेवंती करायची. दुसरीपर्यंत शिकलेली शेवंती मोठ्या मोठ्या अक्षरांत वहीत लिहायची: कुठे आली, मातीत की लाकडावर, कोणत्या झाडाखाली, वास कसा, कापल्यावर रंग बदलतो का, पूड कसली. वाळवली की अळंबीचा रंग उडतो, तेव्हा ओली असतानाच सगळं टिपायला हवं, हे तिच्या लगेच लक्षात आलं. निखाऱ्यांवर सूप धरून ती अळंब्या वाळवायची आणि पुड्या बांधून मुंबईला पाठवायची. बाबली त्या पुड्यांचं पार्सल मालवणपर्यंत पोचवायचा. लोक विचारायचे, तर म्हणायचा, "बायलेचा ऑफिस आसा."

दोघींचं भांडण झालं ते वारुळावरच्या अळंब्यांवरून. वारुळापाशी दोन तऱ्हेच्या यायच्या. एक मोठी, जमिनीत खोल गेलेल्या मुळाची. दुसरी नखाएवढी, पांढरं दही सांडावं तशी शेकड्यांनी. लीलाबाईचं म्हणणं, बारीक ती मोठीचीच पिल्लं, वाढू दिली की मोठी होतील. तिच्या मुंबईच्या सरांचंही तेच मत होतं. शेवंती म्हणाली, नाय.

"कशावरून?"

"मोठी खंयसून येता, तां बघा." तिनं कुदळ घेतली आणि मोठ्या अळंबीच्या मुळाच्या कडेनं खणत गेली. हातभर खाली मूळ एका पोकळीत उतरलं होतं आणि पोकळीत वाळवीनं केलेलं, मधाच्या पोळ्यासारखं भोकाभोकांचं मऊ ढेकूळ होतं. मूळ त्यातूनच निघालेलं. मग तिनं बारीक अळंब्यांचा पसारा हातानं उचलला. खाली मूळ नव्हतं. वाळवीनं तेच पोळं कुरतडून भुगा वर आणून टाकला होता, आणि भुग्यावर या आल्या होत्या. "चार वर्सां ह्याच जाग्यार बघतंय. ह्यांची कदी मोठी झाली नाय. तीन दिवसांत कुसतत."

लीलाबाईनं दोन पावसाळे त्या एका वारुळापाशी घालवले. शेवंतीचंच खरं निघालं. मुंबईच्या सरांनी पत्रातून विचारलं, हे निरीक्षण कोणाचं? लीलाबाईनं उत्तर लिहिलं, वालावलच्या शेवंती परब यांचं, त्या रोज तिथून जातात.

गावातल्या बायकाही आता रानातून येताना परबांच्या ओटीवर थांबू लागल्या. पान सोडून दाखवायच्या. शेवंती एकेक उलटून बघायची, देठ बघायची, मूळ बघायची. शंका आली की बाजूला. कोणी कुरकुरली तर म्हणायची, वाटी घे, कागद घे, सकाळी ये.

त्रेसष्ट साली भाद्रपदात खाडीच्या वरच्या वाडीतून जयराम राऊळाचा भाऊ धावत आला. घरात पाहुणे आले होते, माळावरची अळंबी केली होती, रुपया टाकून पाहिली होती. आता सात माणसं उलट्या करत होती. शेवंती गेली ती हातात मिठाची पुडी घेऊनच. चूल पेटवून तिनं पातळ पेज केली, मीठ घातलं, आणि घरातल्या बायकांना सांगितलं, उलटी झाली तरी घोट घोट घालत राहा, थांबू नका. पुरुष म्हणाले, भगताला बोलावतो. ती म्हणाली, बोलवा, पण पेज बंद करू नका. मग मुलांकडे गेली. जयरामची धाकटी मुलगी, पाच वर्षांची, तिचे डोळे खोल गेले होते, हाक मारल्यावर मान वळत नव्हती. तिला आणि तिच्या भावाला शेवंतीनं तिथं ठेवलं नाही. बाबलीनं होडी लावली. मुलीचं डोकं मांडीवर घेऊन ती खाडीभर चमच्यानं पाणी घालत बसली. बाबली वल्हं मारत होता आणि मागं वळून बघत होता. एकदा त्यानं विचारलं, "जीव आसा मां?"

"आसा. मार तू वल्हा."

पलीकडून मालमोटार मिळाली, दवाखाना गाठला. डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं, तर शेवंतीनं पदरात बांधून आणलेले देठ टेबलावर ठेवले आणि कडं सरकवून दाखवलं. पूड हिरवी पडते म्हणाली. डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी सलाईन लावलं. भाऊ रात्रीच सावरला, मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी उठून बसली आणि भूक लागली म्हणाली. शेवंती बाहेर वऱ्हांड्यात गेली आणि तिथं बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाबली तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तेव्हा कधीतरी तिनं त्याला सुभीबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "म्हायत होता." सोळा वर्षं माहीत होतं, नेरूरच्या एका उतारूनं होडीत सांगितलं होतं. "मगे इचारलास कित्याक नाय?" तर म्हणाला, "तू सांगशीत तेवा सांगशीत."

पासष्ट साली लीलाबाईचा निबंध छापून आला. त्रेसष्ट जातींची नोंद, चित्रं, आणि त्या वारुळाची सबंध दोन पानं. छापील प्रत पोस्टानं आली. दाजी मास्तर आता निवृत्त झाले होते. ते ओटीवर बसून इंग्रजी वाचून मराठीत सांगू लागले. शेवटी जिथं आभार मानले होते तिथं आले आणि त्यांचा आवाज चढला: सौ. शेवंती बाबली परब, वालावल, यांनी आठ वर्षं केलेल्या निरीक्षणांशिवाय हे काम झालं नसतं. बाबलीनं ती ओळ परत वाचायला लावली.

शेवंतीनं विचारलं, "हिरव्या पुडीचा लिवला आसा?"

"आहे. सविस्तर आहे. विषारी म्हणून स्पष्ट लिहिलंय."

"इंग्रजीत."

"हो, इंग्रजीत."

"मगे तां वाचतला कोण, मास्तर?"

मास्तर उठून घरी गेले, दौत, टाक आणि पुठ्ठा घेऊन आले. "सांग, काय लिहू?" म्हणाले. आणि तिनं सांगायच्या आधीच त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात सुरुवात केली: सर्व ग्रामस्थांस कळविण्यात येते की वर्षाऋतूत उद्भवणाऱ्या विषारी छत्रकांचे सेवन…

"मास्तरानू, ह्यां सीताबाईक तरी समाजतला?"

मास्तरांनी पुठ्ठा उलटा केला. दुसऱ्या बाजूवर तिनं सांगितलं तसं लिहिलं. गुरांच्या माळावर येणारी मोठी पांढरी अळंबी खाऊ नका. गळ्यात सरकतं कडं असेल तर खाऊ नका. टोपी कागदावर पालथी ठेवा, सकाळी हिरवी पूड पडली तर विष. रुपया टाकून काही कळत नाही. कोणी खाल्लीच तर मीठ घालून पातळ पेज पाजत राहा, लहान मुलाला लगेच डॉक्टरकडे न्या.

"झालं?" मास्तरांनी टाक पुसला.

"आजून एक. कवळी आसताना ही वळखाक येणा नाय, शिकलेल्यांकव नाय. म्हणान कोणाच्या घरात झाला तर काढून हाडणाऱ्याक नि वाढणाऱ्याक कोणी बोल लावू नये."

मास्तर थांबले. "शेवंती, ही सूचना आहे. सूचनेत असं लिहीत नाहीत."

"लिवा."

त्यांनी लिहिलं. जागा उरली नव्हती म्हणून ती ओळ पुठ्ठ्याच्या तळाशी जरा दाटीनं बसली. बाबलीनं तो पुठ्ठा तरीवरच्या छपरात, उतारू होडीची वाट बघत बसतात तिथं खिळ्यानं ठोकला. पावसाच्या झडीनं तो त्याच वर्षी भिजून गळून पडला. पुढच्या ज्येष्ठात शेवंती नवा पुठ्ठा घेऊन मास्तरांच्या दारात उभी राहिली, आणि या खेपेला तळाच्या ओळीसाठी जास्त जागा सोडा म्हणाली.